९२ची इंडी ५०० पूर्ण बघायची की नुसता शेवट?

चौथा_टर्न

शनिवारी रात्री नऊला (इंडियानात तेव्हा सकाळचे साडेअकरा) ग्रुपवर १९९२ची इंडियानापोलिस ५०० (अमेरिकेतली ५०० मैलांची कार रेस) एकत्र बघायचं ठरलंय. सगळ्यांनी एकदम प्ले दाबायचं, बाजूला चॅट चालू, नेहमीसारखं. वाद एवढाच की किती बघायची. बहुतेकांचा कौल 'शेवटची वीस मिनिटं बास' असा दिसतोय. माझा त्याला ठाम विरोध आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर चौथ्या ओळीच्या पुढे कोणी वाचत नाही, म्हणून इथे लिहितो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अल अन्सर ज्युनियर पहिला, स्कॉट गुडइयर दुसरा, अंतर ०.०४३ सेकंद. आठशे किलोमीटर पळून एका गाडीच्या लांबीहूनही कमी फरक. त्याआधीचा विक्रम १९८२चा, जॉनकॉक आणि मिअर्समधला, ०.१६ सेकंदांचा. निकाल फोडला म्हणून ओरडू नका, तीस वर्षांहून जुनी गोष्ट आहे.

ती क्लिप सगळ्यांनी पाहिली आहे. पण त्यात दिसतं काय? दोन गाड्या, एक झेंडा. गुडइयर तिथे पोचलाच कसा, हे क्लिप सांगत नाही. त्याची स्वतःची गाडी पात्रतेतूनच बाहेर गेली होती. मग टीमने माइक ग्रॉफने पात्र करून ठेवलेली गाडी त्याला दिली. ड्रायव्हर बदलला की गाडी रांगेत शेवटी जाते, म्हणून पठ्ठ्या ३३व्या जागेवरून सुटला. अन्सर बारावा होता. आणि दोघांनाही त्या दिवशी कोणी मोजत नव्हतं, कारण मायकेल अँड्रेटीने १६० लॅप्स पुढे राहून बाकी सगळ्यांची रेस मोडीत काढली होती. अकरा लॅप्स उरल्या असताना, जवळजवळ अर्ध्या मिनिटाची आघाडी असताना, त्याच्या गाडीतला इंधनाचा दाब गेला आणि गाडी थांबली. तो थांबला म्हणून पिवळा झेंडा (धोका आहे, सगळ्यांनी पेस कारमागे हळू चला, ओव्हरटेक नाही) आला, पिवळ्यामुळे सगळे गोळा झाले, आणि तिथून पुढे जे घडलं तेवढंच लोक बघतात.

तीन तास ज्याने त्या माणसाला पळताना पाहिलं नाही, त्याला तो थांबल्यावर काय वाटणार? २०११च्या फायनलमधला धोनीचा सिक्स सगळ्यांना पाठ आहे, गंभीरच्या ९७ किती जणांना आठवतात? पूर्ण बघू या.

पिट_लेन_पुणे

विरोध. आणि क्रिकेटची उपमा इथे लागू पडत नाही. गंभीरच्या ९७ धावांत प्रत्येक चेंडू खरोखर टाकला गेला होता. ९२च्या रेसमध्ये २००पैकी ८५ लॅप्स पिवळ्याखाली गेल्या आहेत. तेवढा वेळ पेस कारच्या मागून गाड्यांची वरात चालली आहे आणि आपण ती बघतोय. एकूण ३ तास ४३ मिनिटं. सरासरी वेग ताशी १३४ मैल निघाला, आणि पोलवर, म्हणजे सर्वात पुढच्या जागेवर असलेल्या गुरेरोचा पात्रतेतला वेग २३२ होता. यावरूनच कळतं किती वेळ काहीच घडत नव्हतं.

मागच्या वेळी तुम्ही असंच पूर्ण बघायला लावलंत. बारा वाजेपर्यंत चॅटवर रेसचा एकही मेसेज उरला नव्हता. पोह्यात बटाटा असावा का, यावर मात्र जोरदार चर्चा झाली. (नसावा.)

इंदूर_रिटर्न

असावा.

कोल्हापुरी_कार्ट

पिट लेन भाऊ, त्या ८५ लॅप्स 'काहीच नाही' कशा? त्यांच्यामागचं कारण समजलं की तीच रेस वाटायला लागते.

त्या दिवशी तापमान दहा-अकरा अंश सेल्सियस होतं, वर बोचरा वारा. स्लिक टायरला खाचा नसतात. तो गरम होऊन रस्त्याला धरला तरच पकड मिळते. थंड असला की नुसतं घसरणं. गुरेरो पोलवर होता, विक्रमी वेगाने पात्र झाला होता, आणि रेस सुरू व्हायच्या आधीच, झेंडा पडण्यापूर्वीच्या फेरीत टायर गरम करायला गेला आणि मागच्या सरळ रस्त्यावर गरकन फिरून आतल्या भिंतीवर. पोलवाला सुटलाच नाही!

मग हे चक्र बघा. अपघात झाला की पिवळा. पिवळ्यात गाड्या हळू, टायर आणखी गार. हिरवा झेंडा पडला की पुन्हा कोणीतरी घसरतो, पुन्हा पिवळा. १३ वेळा. प्रत्येक रीस्टार्टला पोटात गोळा येतो, आणि तो शेवटच्या रीस्टार्टला सर्वात मोठा असतो, कारण तोपर्यंत आपण बारा वेळा पाहिलेलं असतं की थंड टायरवर काय होतं. सात लॅप्स उरल्यात, गुडइयर अन्सरच्या शेपटीला आहे, आणि दोघेही सांभाळून पळूच शकत नाहीत. क्लिपवाल्यांना ही भीती कुठून येणार?

कार्टिंग ट्रॅकवर डिसेंबरच्या सकाळी पहिल्या दोन लॅप्स ज्याने मारल्या आहेत त्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

मोनाकोचा_भाचा

मी एफवनवाला. राग मानू नका, पण चार वळणं, चारही डावीकडे, दोनशे वेळा. यात 'क्लासिक' काय ते मला शेवटच्या लॅपशिवाय कळत नाही. म्हणून माझं मत शेवटच्या वीस मिनिटांना.

कोल्हापुरी_कार्ट

भाचे, आलात का. डावीकडेच वळायचं म्हणून गाडी मुळातच डावीकडे ओढेल अशी बांधतात. उजवीकडचा मागचा टायर डावीकडच्यापेक्षा घेराने मोठा असतो. सरळ रस्त्यावर ड्रायव्हरला ती गाडी उलट धरून ठेवावी लागते. चारही वळणांचा उतार सारखाच, जेमतेम नऊ अंश, पण वारा प्रत्येक वळणावर वेगळ्या दिशेने लागतो, त्यामुळे पहिल्या वळणावर बरी चाललेली गाडी तिसऱ्यावर दगा देते. आणि पुढच्या गाडीच्या मागे गेलात की सरळ रस्त्यावर ती तुम्हाला ओढते, वळणावर मात्र तुमच्या पुढच्या पंखाची हवाच काढून घेते. गुडइयरची शेवटची लॅप म्हणजे हेच कोडं आहे. कुठे जवळ जायचं आणि कुठे किंचित मागे राहायचं. त्याने चौथं वळण बरोबर सोडवलं, पण तोवर रस्ता संपला.

मोनाकोचा_भाचा

हे पटलं. पण हे समजायला मला शेवटच्या सात लॅप्स पुरतात, तीन तास लागत नाहीत.

हूजियर_मराठी

मी बरीच वर्षं इंडियानापोलिसजवळ राहते, म्हणून थोडं इथलं सांगते. या शहरात रेसच्या दिवशी ती टीव्हीवर थेट दाखवतच नाहीत. लोकांनी तिकीट काढून ट्रॅकवर यावं म्हणून जुनी बंदी आहे. २०१६ला शंभराव्या रेसची सगळी तिकिटं खपली तेव्हा उठवली होती, असे अपवाद थोडे. एरवी दुपारी अंगणात ग्रिल पेटवून लोक रेडिओ ऐकतात आणि संध्याकाळी तीच रेस, निकाल माहीत असताना, पूर्ण बघतात. ९२लाही तसंच होतं.

त्यामुळे 'निकाल माहीत आहे तर पूर्ण कशाला' हे इथल्या लोकांना सांगून बघा. आमच्या शेजारचे काका (आता वय ऐंशीच्या पुढे) ९२चा दिवस सांगतात तेव्हा शेवटच्या लॅपबद्दल फार बोलत नाहीत. थंडीबद्दल बोलतात, फॉइटबद्दल बोलतात. ए. जे. फॉइटची ती सलग ३५वी आणि शेवटची इंडी ५००. नववा आला. रिक मिअर्सचीही ती शेवटचीच, अपघातात बाद झाला. आणि अल अन्सर सीनियर तिसरा. तोवर चार-चार वेळा जिंकलेले तिघेही एकाच रेसमध्ये! शिवाय लिन सेंट जेम्स, वय ४५, अकरावी आली आणि 'रूकी ऑफ द इयर' (वर्षातला सर्वोत्तम नवखा ड्रायव्हर) ठरलेली पहिली स्त्री. यातलं काय दिसणार शेवटच्या वीस मिनिटांत?

एक सुचवते. टीव्हीचा आवाज बंद करून रेडिओचं समालोचन लावू. बॉब जेन्किन्स आणि प्रत्येक वळणावर बसलेले त्याचे साथीदार. एकाच्या हातून दुसऱ्याकडे गाडी जाते तसं वाक्यही जातं. शेवटी जेन्किन्स उत्साहात 'काही दशांश सेकंदांनी' जिंकला म्हणून गेला. खरं अंतर एका दशांशाच्या निम्म्याहून कमी होतं.

पिट_लेन_पुणे

ताई, तुमच्या काकांनी ती रेस अंगणात शेजाऱ्यांसोबत ऐकली. आम्ही ती वेगवेगळ्या खोल्यांत, हेडफोन लावून, बायको झोपली असताना बघणार. अंगण वेगळं आणि चॅट वेगळी. आणि रेडिओ नको हो. चौघांचे व्हिडिओच एका वेळी सुरू होत नाहीत, त्यात आवाज वेगळा जुळवायचा म्हणजे अर्धा तास 'तुझं किती सेकंदांवर आहे?' यातच जाणार.

चौथा_टर्न

रेडिओला माझाही नकार, पण कारण वेगळं. टीव्हीच्या समालोचनात बॉबी अन्सर बसलाय. जिंकणाऱ्याचा सख्खा काका! पोरगा पहिला, बाप तिसरा आणि काका माइकवर. आणि १९८९मध्ये याच पोराची रेस फिटिपाल्डीशी धडकून शेवटून दुसऱ्या लॅपला गेली होती. त्या आवाजात जी धडधड आहे ती मला ऐकायचीय.

शांत_प्रेक्षक

तुमच्या कोणाच्याच वादात मी नाही. माझा आक्षेप वेगळा आहे आणि तो जरा गंभीरपणे घ्यावा.

पूर्ण बघायची म्हणजे जेफ अँड्रेटीचा अपघातही बघायचा. मागचं चाक निखळलं, गाडी दुसऱ्या वळणावर समोरून भिंतीवर गेली, दोन्ही पायांचा चुराडा. त्याच दिवशी बाप मारिओच्या पायाची बोटं मोडली. मायकेल रेस हरून भावाला आणि वडिलांना भेटायला हॉस्पिटलात गेला. सेफर बॅरियर (धक्का शोषणारी भिंत) इंडीला २००२मध्ये आलं. ९२ला भिंत म्हणजे नुसतं काँक्रीट. रेसच्या आधी १५ मेला सरावात फिलिपिन्सचा जोवी मार्सेलो जिवानिशी गेला. नेल्सन पिकेचे पाय त्याच महिन्यात तिथेच मोडले.

एकट्याने बघताना माणूस गप्प होतो. एकत्र बघताना काय होतं ते मागच्या वेळी पाहिलं. अपघात झाला की आगीचे इमोजी, 'रिवाइंड करा, परत दाखवा'. प्रक्षेपणात रीप्ले आधीच चार-चार वेळा असतात. मला तो जमाव नको वाटतो. त्यापेक्षा शेवटच्या सात लॅप्स बघा. त्यात कोणी जखमी होत नाही.

कोल्हापुरी_कार्ट

इमोजीवाला मीच असेन बहुतेक. पण जेफचा अपघात वगळून मायकेलची रेस कशी बघायची? भावाला स्ट्रेचरवरून नेल्यानंतर तो त्याच भिंतीसमोरून दर लॅपला जात होता आणि तरी पुढे होता. ते कापलं की तो नुसता इंजिन बिघडलेला माणूस उरतो.

शांत_प्रेक्षक

मायकेल काय काय सोसून पळत होता ते आपल्याला कळावं, म्हणून जेफचे पाय चौघांनी मिळून परत-परत बघायचे? मला नाही पटत.

चौथा_टर्न

शांत यांचा मुद्दा मला टोचला. वगळणार नाही, पण नियम करतो. जेफच्या अपघातापासून पुढचा हिरवा झेंडा पडेपर्यंत चॅट बंद. रीप्ले आले तर पुढे सरकवायचं, वेळ मी ग्रुपवर टाकीन. ज्याला तेवढा भाग नको त्याने खुशाल उठून चहा करावा. पण रेस आपण पूर्णच बघणार.

मोनाकोचा_भाचा

गुडइयर आणि गुडइयर टायर यांचा काही संबंध?

कोल्हापुरी_कार्ट

नाही. नुसतं आडनाव. त्या वर्षी सगळ्यांनाच गुडइयरचे टायर होते, त्यामुळे घसरलेला प्रत्येक जण गुडइयरवरच घसरला. बिचाऱ्या स्कॉटचं नशीब मात्र खरंच खोटं. १९९५ला आघाडीवर असताना रीस्टार्टला पेस कारच्याच पुढे गेला आणि काळा झेंडा (शिक्षेचा) खाल्ला, जिंकला व्हिलनव्ह. १९९७ला आपल्याच टीममधल्या लायंडाइकच्या मागे दुसरा, तेही शेवटच्या लॅपला पिवळे दिवे पेटलेले आणि वर हिरवा झेंडा, असा सावळा गोंधळ असताना. या माणसावर एक वेगळा धागा काढला पाहिजे.

पिट_लेन_पुणे

काढा, शनिवारी रात्री पेस कार फिरत असताना वाचायला होईल.

बरं, माझं ठरलं. मी नऊला येणार नाही. तुम्ही बघा तुमची वरात. फक्त मायकेलची गाडी थांबली की मला एक फोन करा, मी तिथून बघायला बसेन.

चौथा_टर्न

नाही करणार. ग्रुपचा नियम तुम्हीच आणलेला आहे, पुढे काय होणार ते आधी सांगायचं नाही.