कलत्या पाठीचा बेंच: खाचांचा घ्यावा की पिनचा? मदत हवी आहे

घोडबंदरवासी: येत्या रविवारपर्यंत घरच्या व्यायामासाठी बेंच घ्यायचाच आहे. दोनच पर्याय उरले आहेत. एकाची पाठ शिडीसारख्या खाचांमध्ये टेकते, तर दुसऱ्याची स्प्रिंगची पिन ओढून हव्या त्या कोनात बसवावी लागते. दोन्हींवर ३०० किलो क्षमता लिहिलेली आहे. कृपया नेमके उत्तर द्यावे.

वाशीकर: आपले वजन किती, डंबेल किती किलोंचे आणि सोबत रॅक (वजनाचा बार टेकवायचा उभा सांगाडा) आहे का, हे कळल्याशिवाय नेमके उत्तर कसे देणार? क्षमतेच्या आकड्यात शरीराचे वजनही मोजावे लागते. शिवाय तो आकडा पाठ सपाट असतानाचा आहे की कलती असतानाचा, हे दुकानदाराला अवश्य विचारा.

ऐरोलीकर: माझे स्पष्ट मत आहे की साधा सपाट बेंचच घ्यावा. कलत्या बेंचमध्ये आसन आणि पाठ यांच्यात फट राहते आणि आडवे झाल्यावर ती नेमकी कंबरेखाली येते.

नौपाड्याचे काका: हे पटत नाही. आसन पुढेमागे सरकवता येत असेल, तर ती फट बरीच कमी होते. छातीच्या वरच्या भागासाठी सुमारे ३० अंशांचा उतार लागतो आणि तो सपाट बेंचवर मिळत नाही.

कळवेकर: भारतीय मानक ८७५च्या दुसऱ्या भागानुसार राहत्या खोल्यांचा मजला दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरून आखतात. रबरी चटई अवश्य अंथरा.

वाशीकर: मजल्याबद्दल कोणी विचारलेले नाही. धागाकर्त्यांनी आधी माहिती द्यावी.

घोडबंदरवासी: वजन ८२ किलो, डंबेल प्रत्येकी २० किलोंचे, रॅक नाही. खोली लहान असल्यामुळे व्यायाम झाल्यावर बेंच उभा करून कपाटाशेजारी ठेवावा लागेल.

वाशीकर: ही गोष्ट आधीच सांगायला हवी होती, कारण उत्तर तिच्यावरच ठरते. वजनाचा प्रश्न नाही, कारण सगळे मिळून १२२ किलोच होतात. मात्र खाचांमधली पाठ बहुधा केवळ स्वतःच्या वजनाने टेकलेली असते, त्यामुळे बेंच उभा करताना ती निसटून बोटांवर आपटू शकते. वेगळी कडी नसेल, तर पिनचाच घ्या. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत पिन गंजून अडकते, म्हणून तिला अधूनमधून तेल द्यावे लागेल.

नौपाड्याचे काका: याच्याशी मी सहमत आहे, पण आसनाची उंचीही मोजून घ्या. आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंगच्या नियमांत बेंचची उंची ४२ ते ४५ सेंटिमीटर असते. त्याहून उंच बेंचवर बुटक्या माणसाचे तळवे जमिनीवर नीट टेकत नाहीत आणि डंबेल ढकलताना आधार जातो. आपली उंची किती आहे?