मदत हवी आहे : बोल्ट अ‍ॅक्शनमध्ये टायगरची 'बाजू' नक्की कुठून धरायची?

मंडळी, टेबलटॉप वॉरगेम खेळणाऱ्या जाणकारांचा सल्ला हवा आहे.

आम्ही चौघं बोल्ट अ‍ॅक्शन या दुसऱ्या महायुद्धावरच्या, छोट्या मॉडेलांनी टेबलावर खेळायच्या खेळाची दुसरी आवृत्ती (२०१६) खेळतो. सध्या टेबलावर व्हिलेर-बोकाज आहे, १३ जून १९४४. नॉर्मंडीतलं लहानसं गाव, ब्रिटिशांचे क्रॉमवेल आणि जर्मनांचे टायगर रणगाडे. क्रॉमवेल गल्लीच्या तोंडातून तिरका मारा करतो आणि खेळ तिथेच अडतो. गोळा समोर लागला की बाजूला?

पुढची आणि बाजूची हद्द वाहनाच्या कोपऱ्यांवरून ठरते, हे मान्य. बुरुज कुठेही वळलेला असो, रणगाड्याचं धड म्हणजे हलच बघायचं, यावरही वाद नाही. पण कोपरा कुठला? टायगरचे ७२५ मिमी रुंदीचे पट्टे हलच्या बरेच बाहेर येतात आणि त्यांच्यावर बाहेरच्या अंगाला मडगार्ड. आमच्या एका मॉडेलला ते आहेत, दुसऱ्याला नाहीत. (मॉडेल चुकलेलं नाही, हे मडगार्ड सुटे करता यायचे.) मडगार्डच्या टोकावरून दोरा धरला की क्रॉमवेल समोर येतो, हलच्या कोपऱ्यावरून धरला की बाजूला.

फरक किरकोळ असता तर धागा काढलाच नसता. टायगरचं चिलखत १०+, क्रॉमवेलची तोफ +५ (फाशावर पडेल त्यात हे मिळवायचे; बेरीज १०च्या वर गेली तरच पूर्ण भेद). तीस इंचांच्या आत समोरून मारलं तर पूर्ण भेदायला ६च पडावा लागतो, ५ला वरवरचं नुकसान. बाजूने आणखी +१ मिळतो, म्हणजे ५ किंवा ६ चालतो. शक्यता थेट दुप्पट! म्हणूनच 'एकमत होत नसेल तर फासा टाका' हा तोडगा मला इथे पटत नाही. झुडपाची आड मिळते की नाही एवढ्यापुरता तो ठीक आहे. इथे मात्र ज्याने तीन फेऱ्या राखून रणगाडा बगलेवर आणला, त्याची सगळी मेहनत एका फाशावर जाते.

राइसवित्झच्या १८२४च्या क्रीग्सश्पील या प्रशियन युद्धखेळात पंच असायचाच, आणि १८७६मध्ये प्रशियन सेनाधिकारी व्हेर्दी द्यु व्हेर्न्वा यांनी तर जवळजवळ सगळा निवाडा पंचाच्या अनुभवावर सोपवला. मला ती पद्धत मनापासून आवडते, पण आम्ही दोन-दोन जण खेळतो. पंच आणायचा कुठून?

तर विचारायचं ते असं. तुमच्या गटात मडगार्ड, साइड स्कर्ट (बाजूला लावलेले जादा पत्रे), मागे बांधलेलं सामान हे सगळं सोडून फक्त हल धरता का? की खेळाआधी प्रत्येक रणगाड्याचे चार कोपरे दोघांनी मिळून ठरवता? हलच्या मापाचा पारदर्शक प्लास्टिकचा साचा कापून त्यावर रेषा मारायचा माझा विचार आहे. कुणी केला असेल तर दाटीवाटीच्या गल्लीत, घरांच्या भिंती मध्ये येत असताना तो बसतो का, ते नक्की सांगा. येत्या रविवारी पुढचा डाव आहे, त्याआधी काहीतरी ठरवायचंय.