मदत हवी आहे: बाबांचा माउथ ऑर्गन पाण्यात भिजला, 'रे' वाजत नाही

नमस्कार मंडळी,

बाबांचा होनर मरीन बँड आहे. दहा भोकांचा, सूर सी, म्हणजे आपली पेटीवरची पांढरी एक पट्टी. बाबा गेल्यापासून चार वर्षं कपाटात पडून होता. परवा काढला तर आत हिरवट थर आणि कुबट वास. एक ओळखीचे म्हणाले, कोमट पाण्यात अर्धा तास ठेव, माझा तसाच साफ होतो. त्यांचा आतून प्लॅस्टिकचा आहे, बाबांचा लाकडी, हे नंतर लक्षात आलं.

आता भोकांमधल्या लाकडी भिंती फुगून बाहेर आल्यात, ओठ सोलवटतो. चौथ्या भोकात फुंकलं की सा येतो, श्वास ओढला की रे येत नाही, नुसती हवा जाते. पाचव्याचा म खरखरतो. झाकणांना स्क्रू नाहीत, बारीक खिळे आहेत, म्हणून उघडायला हात धजत नाही. त्यात आम्ही रत्नागिरीत, पाऊस चालू, रुमालसुद्धा वाळत नाही. उन्हाची तिरीप आली तर तिथे ठेवू का?

नवीन घेता येईल, पण मला हाच वाजता हवाय. बाबा वाजवण्याआधी न चुकता चूळ भरायचे. झालं की भोकं खाली करून तळहातावर चार वेळा आपटायचे.

प्रतिसाद:
ऊन नको, हेअर ड्रायर तर नकोच. लाकूड घाईने वाळलं की तडकतं. भोकं खाली करून पंख्याखाली तीन-चार दिवस राहू द्या. फुगवटा बराचसा आपोआप बसतो, आत्ताच ब्लेडने तासू नका.

रेसाठी फक्त खालचं झाकण काढायचंय. ओढून वाजणाऱ्या रीड, म्हणजे थरथरून सूर देणाऱ्या पितळी पात्या, खालच्या पट्टीला बाहेरच्या अंगाने असतात, झाकण निघालं की समोरच दिसतात. पातळ बोथट सुरी झाकणाखाली सरकवा आणि थोडं या टोकाने, थोडं त्या टोकाने उचला. खिळे जपा, तेच परत लावायचेत. मग सर्वांत लांब रीडपासून चौथी मोजा. टूथपिकने तिचं मोकळं टोक अगदी हलकं उचलून सोडा. झंकारली नाही तर काहीतरी अडकलंय. पातळ कागद खालून लांबीच्या दिशेने सरकवा. ब्रश फिरवायचा तो रिव्हेटकडून (रीड जिथे ठोकून बसवलीय तिथून) मोकळ्या टोकाकडेच. उलटा फिरवलात तर केसांत टोक अडकून रीड वाकते, मग सूरच जातो.

हिरवं ते पितळेवर चढलेलं कळंक. ताक कळकतं ना, तेच. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा आणि तोवर तोंडाला लावू नका.

धागाकर्ता:
पाच दिवसांनी आज झाकण काढलं. चौथ्या रीडखाली लोकरीचा तंतू होता, बहुतेक बाबांच्या मफलरचा. रे वाजला! मची खरखर मात्र आहे. ती रीड एका बाजूला जराशी सरकलेली वाटते, फटीच्या कडेला घासते. रिव्हेटपाशी हलवून मध्ये आणता येते का, की जाणकाराकडेच न्यावं?