फुटलेला गोपनीय कागद जालावर सर्वांना दिसत असेल, तर तो गोपनीय कसा?

टिपणवही:
नमस्कार. शासकीय गोपनीयता आणि माहितीचा अधिकार या विषयावर निबंध लिहिताना एका मुद्द्यापाशी माझे लेखन थांबले आहे. २०१० च्या नोव्हेंबरअखेरीस, फुटलेले कागद प्रसिद्ध करणाऱ्या विकिलीक्स या संकेतस्थळाने अमेरिकी परराष्ट्र खात्याचे राजनैतिक संदेश प्रसिद्ध करायला सुरुवात केली. त्यानंतर काही दिवसांतच तिथल्या सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना कळवले की, हे कागद संकेतस्थळावर उघड दिसत असले तरी त्यांचा गोपनीय दर्जा कायम आहे आणि कर्मचाऱ्यांनी त्यानुसारच वागावे. लायब्ररी ऑफ काँग्रेसनेही आपल्या संगणकांवरून ते संकेतस्थळ बंद केले. जे जगात कोणालाही वाचता येते, ते केवळ सरकारी नोकराने वाचू नये, यामागचा तर्क काय असावा? आणि गोपनीयतेचा असा शेरा सामान्य नागरिक, वृत्तपत्रे व न्यायालये यांनाही बांधतो का? मला केवळ संतापाची नव्हे, तर कारणमीमांसेची अपेक्षा आहे.

दप्तरदार:
तर्क आहे, आणि तो वरवर दिसतो तितका हास्यास्पद नाही. अमेरिकेत गोपनीयतेचे नियम ठरवणारा १३५२६ क्रमांकाचा अध्यक्षीय आदेश २००९ चा आहे. त्यात स्पष्ट म्हटले आहे की, अनधिकृतपणे माहिती फुटली एवढ्याच कारणाने तिचा गोपनीय दर्जा आपोआप संपत नाही. असे कलम नसते, तर कागद फोडणाऱ्या प्रत्येकाच्या हाती गोपनीयता उठवण्याचा अधिकार आपसूकच गेला असता. शिवाय फुटलेला कागद खरा आहे की बनावट, हे परकीय गुप्तहेर संस्थेला निश्चित ठाऊक नसते. सरकारने दर्जा काढून घेणे म्हणजे त्या कागदाच्या खरेपणाची पावती देणे होय. ‘दुजोरा देत नाही आणि नाकारतही नाही’ हे ठरावीक सरकारी उत्तर १९७० च्या दशकात सीआयएने ग्लोमार या जहाजाच्या, म्हणजे बुडालेली सोव्हिएत पाणबुडी गुपचूप वर काढण्यासाठी बांधलेल्या जहाजाच्या, प्रकरणात वापरले, तेही याच भूमिकेतून.

मात्र हा तर्क किती ताणला जातो, तेही पाहावे. व्हिएतनाम युद्धाविषयीचा संरक्षण खात्याचा गुप्त अहवाल, म्हणजे पेंटागॉन पेपर्स, १९७१ मध्ये वृत्तपत्रांत छापून आला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सरकारची बंदीची मागणी फेटाळली. तरीही सुमारे सात हजार पानांचा तो संपूर्ण अहवाल अधिकृतपणे खुला व्हायला जून २०११ उजाडला. चाळीस वर्षे त्याचा बराच भाग ग्रंथालयांत होता, अभ्यासक्रमांत होता, आणि सरकारी दप्तरात मात्र तो गोपनीयच होता! सरकारच्या बाजूने तो खटला लढवणारे सॉलिसिटर जनरल अर्विन ग्रिस्वोल्ड यांनी १९८९ मध्ये जाहीरपणे लिहिले की, त्या प्रसिद्धीमुळे राष्ट्रीय सुरक्षेला धोका पोहोचल्याची कोणतीही खूण आपल्याला दिसलेली नाही. वर उल्लेखलेल्याच आदेशात प्रशासनाची नामुष्की किंवा बेकायदा कृत्य झाकण्यासाठी गोपनीयतेचा शेरा मारण्यास मनाई आहे. पण तो शेरा कशासाठी मारला आहे, हे तपासायचे तर कागद पाहावा लागतो, आणि अडचण नेमकी तिथेच आहे.

कलम_एकोणीस:
दप्तरदारांनी दिलेले कारण सरकार आणि त्याचे कर्मचारी यांच्यातील शिस्तीपुरते मला मान्य आहे. कर्मचाऱ्याने गोपनीयतेची हमी स्वतः दिलेली असते. नागरिकाने ती दिलेली नसते. त्यामुळे आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर वेगळे द्यावे लागते, आणि ते देण्याचे काम युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने इंटरनेट घरोघरी पोहोचण्यापूर्वीच बरेचसे करून ठेवले आहे.

ब्रिटनच्या एमआय-५ या अंतर्गत गुप्तचर संस्थेतील निवृत्त अधिकारी पीटर राइट यांच्या आठवणींचे पुस्तक जुलै १९८७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले. ते तिथे सहज विकत मिळत असतानाही ब्रिटिश वृत्तपत्रांना त्यातला मजकूर छापण्याची मनाई ऑक्टोबर १९८८ पर्यंत चालू राहिली. १९९१ च्या निकालात या युरोपीय न्यायालयाने जी रेषा आखली ती फार काळजीपूर्वक आखलेली आहे. अमेरिकेतील प्रकाशनापूर्वीची मनाई त्याने समर्थनीय मानली, परंतु प्रकाशनानंतरची मनाई अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग ठरवली, कारण जपण्यासारखे गुपितच उरले नव्हते. नेदरलँड्समधील ‘ब्लुफ!’ साप्ताहिकाचे प्रकरणही याच वळणाचे आहे. १९८७ मध्ये पोलिसांनी गुप्तचर खात्याचा जुना अहवाल छापलेला अंक जप्त केला. संपादकांनी रातोरात तो पुन्हा छापला आणि दुसऱ्या दिवशी, राणीच्या वाढदिवसाच्या गर्दीत, ॲमस्टरडॅमच्या रस्त्यांवर सुमारे अडीच हजार प्रती विकल्या. तेव्हा मजकूर आधीच लोकांपर्यंत पोहोचला असल्याने अंकावरील बंदी अनावश्यक होती, असे न्यायालयाने १९९५ मध्ये ठरवले. त्याच वर्षी तज्ज्ञांनी राष्ट्रीय सुरक्षा आणि माहितीचे स्वातंत्र्य यांविषयी तयार केलेल्या जोहान्सबर्ग तत्त्वांतही हेच म्हटले आहे. माहिती उघड होण्याचा मार्ग कायदेशीर होता की बेकायदा, याने त्यात फरक पडत नाही. अर्थात ही तत्त्वे म्हणजे कायदा नव्हे, हे निबंधात विसरू नये.

अडीच हजार प्रतींनी गुपित संपत असेल, तर आरसे-संकेतस्थळांवर, म्हणजे मूळ संकेतस्थळाच्या हुबेहूब नकलांवर, पसरलेल्या कागदाबद्दल वेगळे काय सांगावे?

साशंक:
कलम_एकोणीस यांच्या शेवटच्या वाक्याशी मी असहमत आहे. ‘उघड असणे’ ही होय किंवा नाही अशी स्थिती नसते. तिला पायऱ्या असतात. सप्टेंबर २०११ मध्ये विकिलीक्सने अडीच लाखांहून अधिक संदेश नावे न झाकता, शोधता येतील अशा रूपात प्रसिद्ध केले. त्याआधी ते संदेश असलेली सांकेतिक फाइल आणि तिचा परवलीचा शब्द हे दोन्ही जालावर होतेच, असा बचाव केला गेला. तरीही ज्या पाच नियतकालिकांनी आधी विकिलीक्ससोबत काम केले होते, त्यांनीच या कृतीचा एकत्रित निषेध केला. कोपऱ्यात पडलेली फाइल आणि नाव टाकताच उत्तर देणारा संग्रह यांतला फरक दूतावासाशी बोललेल्या स्थानिक माणसासाठी जिवावरचा ठरू शकतो.

दुसरे असे की, एकेकटी निरुपद्रवी माहिती एकत्र आली की तिचे स्वरूप बदलते. धावणाऱ्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या स्ट्राव्हा या ॲपने २०१७ च्या अखेरीस जगाचा एकत्रित नकाशा प्रसिद्ध केला आणि जानेवारी २०१८ मध्ये त्यात लष्करी तळांच्या सीमा उमटल्याचे लोकांच्या लक्षात आले. कोणीही एकही गुप्त कागद फोडला नव्हता. म्हणून ‘आधीच उघड आहे’ हे उत्तर सरकारची नामुष्की करणाऱ्या अहवालाला जसे लागू पडते, तसे माणसांच्या नावांना लागू पडत नाही, आणि निबंधात हे दोन प्रकार एका मापाने मोजू नयेत अशी माझी विनंती आहे.

दप्तरदार:
नावांविषयी साशंक यांच्याशी मी सहमत आहे. मूळ प्रश्नातील न्यायालयांचा भाग मात्र राहिला, म्हणून थोडे लिहितो.

१९४८ मध्ये अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात हवाई दलाचे बी-२९ विमान कोसळून नऊ जण ठार झाले. तीन विधवांनी नुकसानभरपाईचा दावा केला आणि अपघाताचा चौकशी अहवाल मागितला. विमानात गुप्त उपकरणे होती, असे सांगून हवाई दलाने तो द्यायला नकार दिला. १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहवाल स्वतः न पाहताच तो नकार मान्य केला. पुढे अहवालावरील गोपनीयता उठली आणि २००० साली मृतांपैकी एकाच्या मुलीला तो चक्क इंटरनेटवर सापडला. गुप्त उपकरणांची रहस्ये त्यात नव्हती. इंजिनाला आग लागणे आणि देखभालीतील हयगय यांचा तपशील होता. कुटुंबीय पुन्हा न्यायालयात गेले, परंतु न्यायालयाची फसवणूक झाल्याचे सिद्ध होत नाही, असे म्हणून अपील न्यायालयाने २००५ मध्ये त्यांची मागणी फेटाळली. १९५३ चा तो निकाल अमेरिकेत ‘राज्यगुपिता’च्या, म्हणजे देशाच्या सुरक्षेचे कारण देऊन न्यायालयात पुरावा द्यायला नकार देण्याच्या, दाव्यांसाठी अजूनही आधार म्हणून वापरला जातो.