गुडविल इम्पेअरमेंटला मराठीत काय म्हणायचं?

रावपुरावाली
मंडळी, अडलंय. शेजारच्या अण्णाकाकांनी आपल्या बडोद्याच्या मंडळाच्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर 'औषध कंपनीचा ताळेबंद कसा वाचावा' यावर बोलायचं कबूल केलंय आणि टायपिंग माझ्या गळ्यात. काका स्वतः एका औषध कंपनीत अकाउंट्सला होते त्यामुळे उत्साह दांडगा. सगळं नीट चाललं होतं, एका वाक्यापाशी गाडं अडलं. कंपनीने मागे एक छोटी कंपनी विकत घेतली, तिचं गुडविल (मालमत्तेच्या किमतीवर मोजलेली जास्तीची रक्कम) पुस्तकात होतं, आणि यंदा त्याचं इम्पेअरमेंट दाखवलंय, म्हणजे ती रक्कम पुस्तकात कमी केलीय. मोबाईलला विचारलं तर म्हणे 'सद्भावनेचा बिघाड'. आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, कोणाचं वाजलं आता? मग मी 'ख्यातीचा घसारा' लिहिलं. काकांनी लाल पेनाने दोन्ही शब्द खोडले, ख्यातीच्या वर 'पागडी' लिहिलं आणि घसाऱ्याच्या वर नुसतं प्रश्नचिन्ह, कारण त्यांनाही सुचेना. गुडविलचं मी बघते, मला फक्त इम्पेअरमेंटला शब्द द्या. शनिवारी प्रिंट काढायचीय.

खतावणी
घसाऱ्याबद्दल काकांचं बरोबर आहे. घसारा म्हणजे घासून झिजणं, गोळ्यांचं मशीन दरवर्षी थोडं थोडं झिजतं तसं. पेटंट वीस वर्षांनी संपणारच, ते ठराविक वर्षांत वाटून खर्ची टाकतात, तिथे घसारा म्हटलं तर चालून जाईल. पण इंड एएसमध्ये (आपल्याकडची हिशेबाची मानकं) गुडविल असं दरसाल उतरवत नाहीत. दरसाल नुसतं तपासतात की जेवढ्याला धरलंय तेवढं त्या धंद्यातून निघेल का, नाही निघणार वाटलं की एकदम खाली आणतात, आणि एकदा खाली आणलं की पुढे धंदा कितीही सुधारला तरी परत वर नेता येत नाही. झिजणं नाही हे, म्हातारपणी दात पडणं आहे. मी कामात 'क्षती' लिहितो. क्लायंट विचारतात क्षती म्हणजे काय, मग मी सांगतो इम्पेअरमेंट.

मांडवीचा नातू
पागडीला माझं मत!! मी गुजराती मिडियमचा, बारावी कॉमर्सला चॅप्टरचं नावच 'पाघडीनुं मूल्यांकन' होतं. पहिल्या दिवशी घरी येऊन वाचायला लागलो तर आजोबा म्हणाले शाळेत आता हे पण शिकवतात का, कारण त्यांनी मांडवीतलं दुकान पागडी देऊनच घेतलेलं, रोख, रुमालात बांधून, पावती नाही. त्यांच्या मते हा धडा पोलिसांनी वाचायला पाहिजे होता.

दांडियाबाजारकर
हेच तर. पागडी म्हणजे मराठी माणसाच्या कानाला भाड्याच्या जागेचे वरचे पैसे, टेबलाखालचे. कंपनीच्या छापील ताळेबंदात पागडी? महाराष्ट्रातली मुलं ख्याती किंवा नावलौकिक शिकतात, चांगला संस्कृत शब्द आहे, ख्या धातू म्हणजे सांगणं, ज्याच्याबद्दल चार लोक सांगतात ती ख्याती. बडोद्यात राहून आपण ताळेबंदाला सरवैयं म्हणायला लागलो, नामे-जमाला उधार-जमा म्हणायला लागलो, नामे शब्द माझ्या मुलाला माहीत नाही. निदान लिहिताना तरी गुजराती बाजूला ठेवा.

खतावणी
नावलौकिक शब्द गोड आहे पण हिशेबात तो उलटा पडतो, कसं ते सांगतो. समजा एक कंपनी दुसरी ५०० कोटीला घेते. तिचा कारखाना, जमीन, माल मिळून १८० कोटी. ब्रँड, औषधांच्या मंजुऱ्या, अर्धवट चाललेलं संशोधन, ही ज्याला वेगळं नाव देता येतं अशी अमूर्त मालमत्ता २२० कोटी. डोक्यावर कर्ज ४०. म्हणजे हाती लागले ३६०, दिले ५००. मधले १४० कशाचे? ते गुडविल. बाकी सगळ्याला नावं देऊन झाल्यावर उरलेली वरची रक्कम. आता यात ख्याती कुठे आहे? जे नाव तुम्ही स्वतः पन्नास वर्षं घासून कमावलं ते पुस्तकात येतच नाही. ग्लायकोडिन बघा, इथे कोणाच्या घरात ती खोकल्याची बाटली नव्हती, पण ब्रँड घरचा, म्हणून नियमाप्रमाणे त्याची किंमत मालमत्तेच्या बाजूला लावता येत नाही. तोच ब्रँड उद्या दुसऱ्याने विकत घेतला की त्याच्या ताळेबंदात कोटींनी दिसेल. २०१० मध्ये अ‍ॅबटने पिरामलचा देशातला फॉर्म्युलेशनचा (तयार औषधांचा) धंदा ३७२ कोटी डॉलरला घेतला, ते काय नुसत्या भिंती आणि मशिनींचे पैसे होते? थोडक्यात पैसे मोजले तर आहे, कमावलं तर नाही. मला विचाराल तर पागडीच बरोबर बसते, चावी हातात घेताना दिलेले वरचे पैसे.

दांडियाबाजारकर
मग पोट फुगलं की त्याला बाळसं म्हणा, अर्थ जवळपासचाच आहे.

मकरपुरा लोकल
अमूर्तवरून आठवलं, आमच्या कंपनीच्या मराठी-गुजराती नोटिशीत 'अदृश्य मिलकत' होतं, मी विचारलं होतं अदृश्य कशी, ब्रँड तर बाटलीवर लाल अक्षरात छापलेला आहे. आणि मिळकत म्हणजे आपल्याकडे कमाई पण, घर पण. एकाने खरंच समजून घेतलं की मालकाचं लपवलेलं उत्पन्न आहे.
इम्पेअरमेंटला माझा शब्द खोट. आमचे वडील धान्याचे, वर्ष वाईट गेलं की म्हणायचे यंदा खोट आली. गुजरातीत पण खोट म्हणजे तोटा. 'गुडविलला खोट आली', दोन अक्षरं, काम फत्ते.

रावपुरावाली
खोट आवडला! काकांना लगेच फोन केला. काका म्हणाले, "अगं, ताळेबंदात खोट आहे असं मी माईकवरून बोललो तर समोर बसलेले निम्मे लोक सोमवारी शेअर विकतील." त्यांच्या मते खोट म्हणजे नाण्यातली, सोन्यातली, मनातली. सगळं एकदम वाईट वाटतं.

मांडवीचा नातू
मग सरळ 'मांडी वाळलं' म्हणा ने. गुजरातीत राईट ऑफला, म्हणजे रक्कम पुस्तकातून पुसून टाकण्याला, मांडी वाळवुं म्हणतात, नाम मांडवाळ. आणि मुंबईची मांडवली आपलीच निर्यात आहे, इथून गेलेल्या व्यापारी पेढ्यांबरोबर गेली.

दांडियाबाजारकर
निर्यात कसली? मांडणे क्रियापद मराठीत ज्ञानेश्वरांपासून आहे. हिशेब मांडायचा, तडजोड मांडायची, त्यावरून मांडवळ. तुमचं वाळवुं आमच्या कानाला कपडे वाळत घातल्यासारखं वाटतं. सरकारी मराठीत राईट ऑफला 'निर्लेखित' म्हणतात, तो घ्या.

मकरपुरा लोकल
निर्लेखित कोणी ज्येष्ठांच्या कट्ट्यावर म्हटलं तर चहा थांबेल.

खतावणी
आणि राईट ऑफ वेगळं, इम्पेअरमेंट वेगळं. १४० चे ९० केले तर गुडविल अजून पुस्तकात आहे, पुसलेलं नाही. जाता जाता, इन्कम टॅक्सवाल्यांनी तर गुडविलच्या घसाऱ्यावर वेगळंच महाभारत केलं, २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने घसारा मिळेल म्हटलं आणि २०२१ च्या फायनान्स ॲक्टने तो काढून घेतला. म्हणजे 'गुडविलचा घसारा' हा शब्दप्रयोग एकेकाळी अगदी कायदेशीर होता, ताईंनी वाईट वाटून घेऊ नये.

कोठीवरची
उशिरा आले. शुद्ध मराठीवाल्यांसाठी: सयाजीराव महाराजांनी १९३१ साली राज्यकारभाराच्या शब्दांचा सयाजीशासनशब्दकल्पतरू काढला त्यात एका इंग्रजी शब्दापुढे गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली असे पर्याय ओळीने लावलेत. म्हणजे बडोद्यात शेजारच्या भाषेतून शब्द उचलणं हा जुना दरबारी रिवाज आहे. आणि अलेंबिक, आपली ग्लायकोडिनवाली कंपनी, ते नाव तरी कुठे मराठी? अरबी अल-अंबीक, अर्क काढायचं भांडं. १९०७ मध्ये गज्जर, कोटिभास्कर आणि अमीन यांनी कारखाना काढला, त्यातले कोटिभास्कर आपलेच, त्यांना कोणी शुद्ध नाव सुचवलं नाही वाटतं.

दांडियाबाजारकर
नावाची गोष्ट वेगळी, व्याख्येची वेगळी. आणि अर्क पण अरबीच, जाऊ द्या.

मांडवीचा नातू
कोटिभास्कर नक्की मराठी का? मला वाटायचं...

रावपुरावाली
अहो, माझं इम्पेअरमेंट! उद्या शुक्रवार.
काकांनी आत्ता नवीन वाक्य सांगितलंय: "मागे कंपनी घेताना दिलेली पागडी जास्त झाली होती, हे यंदा कबूल केलं." आई म्हणाली आता समजलं. पण यात इम्पेअरमेंटला शब्दच नाही, आणि ख्याती पण गेली, आणि दांडियाबाजारकर काका तुम्ही पहिल्या रांगेत बसणार आहात असं कळलंय.

दांडियाबाजारकर
बसणार. प्रश्नोत्तरं आहेत ना शेवटी?

मकरपुरा लोकल
कोणी सांगेल का, खंडेराव मार्केटमध्ये आता ओट्याला पागडी किती घेतात? खरी पागडी, रुमालातली.