बायोप्सीवरचा ‘वर्ग २’ : रुग्णाला सांगावा की नाही?

चिंचगूळ
भावाला आईची किडनी बसवून चौदा महिने झाले. क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढतं ते) १.३ वरून २.१ वर गेलं म्हणून बायोप्सी केली, त्यात बीके विषाणू निघाला. रिपोर्टच्या तळाशी एक ओळ: ‘बान्फ वर्ग २’. बान्फ म्हणजे बसवलेल्या किडनीची बायोप्सी वाचायची आंतरराष्ट्रीय पद्धत. डॉक्टर म्हणाले, ते आमच्यासाठी असतं, तुम्ही डोक्यात घेऊ नका.
का नको? मी शोधून वाचलं. युरोप-अमेरिकेतल्या ९ केंद्रांतल्या १९२ रुग्णांवरून २०१८ साली हे वर्ग ठरले. दोनच गोष्टी बघतात: किडनीतल्या किती टक्के सूक्ष्म नलिकांत विषाणू आहे (१ पर्यंत, १० पर्यंत की त्याहून जास्त) आणि फायब्रोसिस, म्हणजे कायमचे व्रण, किती. दोन वर्षांत किडनी गेली वर्ग १ मध्ये १६ टक्के, २ मध्ये ३१, ३ मध्ये ५०. आकडा आहे तर ज्याची किडनी त्याला सांगा की!

स्लाइडवाली
असहमत. मी पॅथॉलॉजीतच आहे. बायोप्सीचा तुकडा म्हणजे शेवईची काडी. त्यावर एसव्ही४० ही रंग देणारी तपासणी केली की विषाणू असलेली पेशींची केंद्रकं तपकिरी दिसतात, त्या नलिका मोजायच्या. पण हा विषाणू ठिगळाठिगळांनी पसरतो, मेड्युलात, म्हणजे किडनीच्या आतल्या भागात, बऱ्याचदा जास्त. सुई वरवर गेली की टक्केवारी खाली. म्हणून मेड्युलासकट दोन तुकडे मागतो. दर वेळी मिळतात का, ते विचारू नका.
शिवाय वर्ग २ म्हणजे अडगळीची खोली. विषाणू जेमतेम पण फायब्रोसिस भरपूर, तो तिथेच. विषाणू १० टक्क्यांवर पण फायब्रोसिस नगण्य, तोही तिथेच. दोघांना ३१ टक्केच सांगणार?

बाकावरचा
अवांतर: बीके ही १९७१ साली लंडनमध्ये ज्याच्या लघवीत हा सापडला त्या रुग्णाची आद्याक्षरं. विषाणूला नाव मिळालं, त्याला विचारलं असेल का कुणी?

टॅक्रो_सकाळ_संध्याकाळ
मी स्वतः यातून गेलोय. यावर खात्रीचं औषध नाही, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या कमी करायच्या आणि रक्ताचा पीसीआर (विषाणू किती आहे ते मोजणारी तपासणी) उतरतोय का बघत राहायचं. मला वर्ग ३ कळला आणि घाबरून मी त्यातलीच एक गोळी, मायकोफेनोलेट, मनानेच बंद केली. विषाणू उतरला, पण रिजेक्शन आलं, शरीर नवी किडनी नाकारायला लागलं. डॉक्टरांचं चुकलं नाही, ताई.

चिंचगूळ
दादा, तुम्हाला वर्ग कळला म्हणून नाही, एकट्याने वाचलात म्हणून ते झालं. रिपोर्ट व्हॉट्सॲपवर येतोच. भाऊ रात्री दोनला तोच उघडून बसलेला असतो. स्लाइडवालीताई, तुम्ही ‘दोन तुकडे मिळाले नाहीत’ हे रिपोर्टात लिहिता?

स्लाइडवाली
लिहिते. वाचत कुणी नाही, तो भाग वेगळा. वर्गाच्या शेजारी विषाणूचा आणि फायब्रोसिसचा असे दोन्ही आकडे सुटे लिहावेत, एवढं मान्य. आईंना काय सांगितलंत?

चिंचगूळ
ती विचारते, माझी किडनी चांगली होती ना? हा विषाणू बहुतेकांना लहानपणीच होऊन किडनीत निजून राहतो आणि बरेचदा दात्याच्याच किडनीतून येतो, हे मी वाचलंय. तिला अजून बोलले नाही.

स्लाइडवाली
म्हणजे तुम्हीही लपवताय.

चिंचगूळ
हो. शुक्रवारी पीसीआर आहे, त्यानंतर बघते.