मदत हवी आहे: भुताच्या सिनेमाला हेवी मेटल चालेल का?

राजेहो, एक सल्ला पाहिजे. आम्ही वडसा भागातले काही पोट्टे मिळून भुताचा छोटा सिनेमा करतोय, मोहफुलाच्या जंगलातला. संगीत सगळं हेवी मेटल, म्हणजे करकरणाऱ्या गिटारचं दणदणीत रॉक. इटालियन दिग्दर्शक दारिओ अर्जेंतोच्या १९८५ च्या 'फेनॉमेना' या भयपटात आयर्न मेडन आणि मोटरहेड या मेटल बँडची गाणी वाजतात, तेच डोक्यात बसलंय.

गावात ऐकवलं तर मतं फाटली. कॉलेजची पोरं खूश. झाडीपट्टी नाटकात ऑर्गन वाजवणारे एक काका म्हणाले, "बाबू, एवढ्या गोंगाटात भूत कायले थांबते?" हसलो सगळे, पण बोलले खरं. गिटार सतत करकरत राहिली की दचकायला जागाच उरत नाही.

दुसरी भानगड मोबाईलची. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे बऱ्याच खालच्या सुरात वाजते, आम्ही ती अजून खाली उतरवलीय. फोनच्या बारक्या स्पीकरवर तो घुमारा गायबच होतो, आणि पाहणार तर सगळे फोनवरच.

मेटल फक्त पाठलागाच्या सीनला ठेवू का? बाकी ठिकाणी नुसते रातकिडे पुरतील? आणि बेस, म्हणजे हा खालचा घुमारा, फोनवर ऐकू यावा म्हणून त्याला थोडं डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाटका करणं) द्यायचं की मिड (मधल्या पट्टीचे सूर) वाढवायचे? मेटल न ऐकणाऱ्यांनीही सांगा, तुमचंच मत जास्त पाहिजे.